नळीची राखण



तालुक्याला जाणाऱ्या एसटीत हल्ली एखादी बाई अशी दिसते, जिच्या मानेच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवलेली असते आणि तिने त्यावरून पदर ओढून घेतलेला असतो. आठवड्यातून दोनदा-तीनदा ती डायलिसिसला निघालेली असते. त्या पट्टीखालून दोन तोंडांची नळी बाहेर आलेली असते. नळीचं आतलं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या कुणाच्या छातीत, कातडीखाली, औषध सोडायची छोटी डबी बसवलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या बेंबीतून बारीक नळी घातलेली असते. कुणाच्या छातीत पेसमेकर असतो आणि त्याची तार हृदयात गेलेली असते.

या वस्तूंनी लाखो जीव वाचवले आहेत, आणि आज त्या आपल्या घरापर्यंत आल्या आहेत. पण त्यांच्याबरोबर एक धोकाही आला आहे. आपलं कातडं म्हणजे घराची भिंत. जंतू कातडीवर रोजच असतात, भिंत धड असेपर्यंत ते काही करू शकत नाहीत. नळी घातली की भिंतीला भोक पडतं. औषध ज्या वाटेने आत जातं, त्याच वाटेने जंतूही आत जाऊ शकतात, आणि ते थेट रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचं शरीर थोडंफार झगडतं. पण नळी लागते ती मूत्रपिंड निकामी झालेल्याला, केमोथेरपीने थकलेल्याला, सव्वा किलोच्या बाळाला. त्यांच्याकडे झगडायला बळ कुठलं?

ही वाट कुणी उघडली, तिच्यातून काय आत आलं आणि तिची राखण करायला माणसं कशी शिकली, हे आज आपण पाहणार आहोत. पिकाची राखण आपल्याला ठाऊक आहे. बांधावर जागणारं माणूस लागतं, आणि हाळी देण्याची त्याला मुभा लागते. नळीचंही तसंच आहे.

विहिरीतली पावडर आणि बाळंतिणी

सुरुवात नळीपासून नाही, हातांपासून करावी लागते. १८४७ साल. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. शहरातल्या गरीब बायकांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या विनवण्या करत. मोठमोठे डॉक्टर हवेला, नशिबाला दोष देत होते.

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर होता. त्या वर्षी मार्चमध्ये त्याचा डॉक्टर मित्र वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीचं टोक त्याच्या बोटाला लागलं होतं. त्याच्या शरीरात जे बिघाड दिसले, ते बाळंतिणींच्या शरीरात दिसणाऱ्या बिघाडांसारखेच होते. सेमेलवाइसला उलगडा झाला. शिकाऊ डॉक्टर सकाळी प्रेतं चिरत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे मरणं कमी होती.

त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम केला. हा चुना म्हणजे ब्लीचिंग पावडर. आपली ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते, तीच ही जात. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनपासून हा आकडा दोनच्या आसपास आला. तरीही वरिष्ठांना ते पटलं नाही. डॉक्टरांच्या हातांनी मरण येतं, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. सेमेलवाइसला मानसिक रुग्णांच्या संस्थेत ठेवलं गेलं आणि १८६५ साली तिथेच तो वारला. त्याच सुमारास जंतूंचा शोध पुढे सरकत होता. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आकडे डोळ्यांसमोर असूनही मोठ्या माणसाला 'थांबा, आधी हात धुवा' असं सांगणं किती अवघड असतं, हे तेव्हा दिसलं. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच अडचण पुन्हा पुन्हा येते.

किल्ली होती नर्सकडे

आता नळीकडे येऊ. १९२९ साल, जर्मनीत बर्लिनजवळचं एबर्सवाल्ड हे गाव. व्हेर्नर फोर्समन हा २५ वर्षांचा शिकाऊ डॉक्टर. हाताच्या शिरेतून नळी सरकवत नेली तर ती हृदयापर्यंत पोहोचेल आणि अत्यवस्थ रुग्णाला औषध थेट तिथे देता येईल, असं त्याला वाटत होतं. त्या काळी हृदयाला हात लावणं म्हणजे मरण, अशी समजूत होती. वरिष्ठांनी साफ नाही म्हटलं.

निर्जंतुक केलेली हत्यारं नर्स गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात असत. फोर्समनने त्यांना आपली कल्पना पटवून दिली. त्या म्हणाल्या, प्रयोग करायचाच तर माझ्यावर करा. त्याने होकार दिला, त्यांना टेबलावर झोपवलं, हातपाय बांधले, त्यांच्या हाताला औषधही लावलं. आणि मग त्यांची नजर चुकवून स्वतःच्याच कोपराजवळची शीर उघडून त्यात नळी सरकवली. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा नळी बरीच आत गेली होती. नंतर त्यांना सोडवून, त्यांच्याच सोबतीने, नळी हातात लोंबत असताना तो जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. फोटोत नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं. नळी ६५ सेंटिमीटर आत गेली होती.

शाबासकीच्या ऐवजी त्याच्या वाट्याला हेटाळणी आली. नंतर अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी हे तंत्र पुढे नेलं आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. गेर्डा डिट्झेन यांचं नाव त्या गोष्टीच्या कडेला राहिलं. पण ध्यानात ठेवू या की हत्यारांच्या कपाटाची किल्ली एका नर्सकडे होती. पुढे सत्तर-बहात्तर वर्षांनी नर्सच्या हातात दुसरी एक किल्ली आली, आणि तिने फार मोठा फरक पडला. तिकडे आपण येणारच आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर रबर आणि काच मागे पडून प्लॅस्टिक आलं. १९५२ साली रोबेर ओबानियाक या फ्रेंच डॉक्टरने गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालण्याची रीत लिहिली. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगरने युक्ती काढली की आधी सुई घालायची, सुईतून बारीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी सरकवायची. शीर चिरण्याची गरज उरली नाही. आजही मानेत नळी घालताना हीच रीत वापरतात. नळी घालणं सोपं झालं आणि आयसीयूमध्ये ती रोजची झाली.

सिएटलची नळी आणि ब्राँक्सचा टाका

इकडे मूत्रपिंडाच्या आजारावर वेगळीच धडपड चालली होती. हॉलंडमध्ये, जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या काम्पेन शहरात, विलेम कोल्फ या डॉक्टरने युद्धाच्या टंचाईत डायलिसिसचं यंत्र बनवलं. सॉसेज नावाच्या खाण्याच्या पदार्थात मांस भरायला सेलोफेनची पातळ नळी वापरतात. ती त्याने लाकडी पिंपाला गुंडाळली. रक्त त्या नळीतून फिरायचं आणि बाहेरच्या पाण्यात घाण उतरायची. पहिले जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ सालच्या सप्टेंबरमध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रावर वाचली.

पण एक अडचण होती. दर खेपेला रक्त काढायला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि ती पुन्हा कामी येत नसे. थोड्या दिवसांत वाहिन्या संपत. ज्याचं मूत्रपिंड कायमचं गेलं, त्याला काहीच उपाय नव्हता.

१९६० च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने तो उपाय काढला. हृदयाकडून रक्त आणणारी धमनी आणि परत नेणारी शीर, दोन्हींत एकेक टेफ्लॉनची नळी कायमची बसवायची. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते. त्याला रक्त सहज चिकटत नाही. डायलिसिस नसेल तेव्हा दोन्ही नळ्या हातावरच एकमेकींना जोडून ठेवायच्या. पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा कारखान्यात यंत्र चालवणारा कामगार होता. तो त्यानंतर ११ वर्षं जगला. ज्या आजाराचं दुसरं नाव मरण होतं, त्यात माणूस ११ वर्षं जगला, ही केवढी गोष्ट!

मात्र नळी कातडीतून बाहेर आलेली होती. ती तुंबायची, तिच्या तोंडाशी पू व्हायचा, जंतू रक्तात जायचे. नळी वारंवार बदलावी लागे. ज्या वाटेने जीव वाचला, त्याच वाटेने ताप येत होता.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सैनिकांसाठीचं एक रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर जेम्स चिमिनो विद्यार्थी असताना शिरेतून रक्त काढण्याचं काम करत. शिरांची त्यांना चांगली ओळख होती. त्यांनी, मायकेल ब्रेशिया यांनी आणि शस्त्रक्रिया करणारे केनेथ अपेल यांनी विचार केला की नळी हवीच कशाला? मनगटाजवळची धमनी आणि शीर कातडीखाली एकमेकींना शिवून टाकली तर? धमनीच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते आणि दर खेपेला सुई टोचण्याइतकी मजबूत होते. डायलिसिस संपलं की सुया निघतात, आत प्लॅस्टिक काहीच राहत नाही. १९६६ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. यालाच आपण फिस्टुला म्हणतो. हातावर बोट ठेवलं तर त्यात सरसर असा थरकाप जाणवतो.

त्याला आता साठ वर्षं होत आली, पण डायलिसिससाठी जमत असेल तर फिस्टुलाच चांगला, असंच डॉक्टर आजही सांगतात. मग एसटीतल्या बाईच्या मानेत नळी का? बहुतेक वेळा कारण उशिराचं असतं. फिस्टुला तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. पायावर सूज आली, धाप लागली, अन्न नकोसं झालं, तरी 'अशक्तपणा असेल' म्हणून बाई अंगावर काढते. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं तपासली जात नाही. दवाखान्यात पोहोचते तेव्हा त्याच दिवशी डायलिसिस लागतं, आणि ते मानेतल्या नळीनेच होऊ शकतं. नळी तात्पुरती असते, पण फिस्टुलाचं 'पुढच्या महिन्यात बघू' होतं आणि नळी तशीच राहते.

झाकण, हौद आणि कापडी पट्टा

अमेरिकेत १९७० च्या जुलैपासून १९७१ च्या एप्रिलपर्यंत २५ रुग्णालयांतल्या ३७८ रुग्णांच्या रक्तात सारख्याच जातीचे जंतू सापडले. रुग्णालयं एकमेकांपासून दूर, रुग्ण वेगवेगळ्या आजारांचे. शोध घेता घेता तपास सलाईनच्या बाटलीच्या झाकणापर्यंत पोहोचला. झाकणाच्या आतला पातळ थर बनवणाऱ्यांनी बदलला होता. त्या नव्या थरात जंतू जगत होते आणि झाकण उघड-मीट करताना सलाईनमध्ये उतरत होते. बाटल्या बाजारातून परत घेतल्यावर साथ थांबली. नळीच्या वाटेवर किती दारं असतात, हे तेव्हा कळलं. बाटली, झाकण, जोड, तोटी, पट्टी, हात, यांतलं एक दार उघडं राहिलं तरी पुरे.

दुसरं कोडं याहून चिवट होतं. रुग्णाला चांगली औषधं दिली की ताप उतरायचा आणि औषध थांबवलं की परत चढायचा. असं का? १९८२ साली कॅनडातल्या संशोधकांनी अशाच एका रुग्णाची पेसमेकरची तार काढून अतिशय शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तारेवर जंतूंचा चिकट थर बसलेला दिसला. आपल्याकडे हौदाच्या आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ना, तसंच. वरून पाणी ओतून ते जात नाही, घासावं लागतं. त्या चिकट थराच्या आत बसलेल्या जंतूंना औषध पुरेसं लागत नाही. थरातून थोडे थोडे जंतू सुटत राहतात आणि रक्तात जातात. शरीरातली नळी आतून घासता येत नाही. म्हणून अनेकदा ती काढूनच टाकावी लागते. डॉक्टर 'नळी बदलावी लागेल' म्हणतात तेव्हा ते पैशासाठीच म्हणतात असं समजू नये.

जंतूंना अडवण्याची एक युक्ती पुन्हा सिएटललाच निघाली. १९७३ साली ब्रोव्हियाक आणि १९७९ साली हिकमन या डॉक्टरांनी नळी कातडीखालून थोडं अंतर बोगद्यासारखी नेली आणि तिथे नळीभोवती कापडाचा छोटा पट्टा बसवला. शरीराचं मांस त्या कापडात रुजतं आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंना आडवा बांध तयार होतो. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना महिनोन् महिने नळी ठेवणं त्यामुळे जमलं. डायलिसिसची 'परमकॅथ' म्हणून जी नळी आपल्याकडे ओळखली जाते, तिलाही असाच पट्टा असतो.

नर्सच्या हातात आलेली दुसरी किल्ली

आता २००१ साल. अमेरिकेत बाल्टिमोरला जोसी किंग नावाची दीड वर्षाची मुलगी गरम पाण्याने भाजली. तिला तिथल्या नावाजलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ठेवलं. ती बरी होत होती, घरी न्यायचं ठरत होतं. मग नळीतून जंतुसंसर्ग झाला. तिच्या अंगातलं पाणी कमी होत गेलं. पाणी दिसलं की ती त्यासाठी रडायची. आई सॉरेल किंग पुन्हा पुन्हा सांगत होत्या की लेकराला तहान लागली आहे, काहीतरी बिनसलं आहे. त्यांना सांगितलं गेलं की पाणी देऊ नका, सगळं ठीक आहे. नको असताना गुंगीचं औषधही दिलं गेलं. फेब्रुवारीत जोसी गेली. आईने शोक केला, रागही केला, आणि मग भरपाईच्या पैशातला वाटा त्याच रुग्णालयाला दिला. अशा चुका थांबवण्याचं काम उभं करा, अशी त्यांची अट होती.

त्याच रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट हे आयसीयूचे डॉक्टर होते. त्यांनी नळी घालण्यासाठी पाच गोष्टींची यादी एका कागदावर लिहिली. हात धुवा. क्लोरहेक्सिडीनने कातडी स्वच्छ करा. रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादर घाला आणि स्वतः टोपी, मास्क, झगा, हातमोजे घाला. जमेल तिथे जांघेतली शीर टाळा. आणि गरज संपली की नळी काढा. यात नवं काहीच नव्हतं, सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी नर्सना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांची एखादी तरी पायरी चुकत होती.

मग खरा बदल झाला. रुग्णालयाने नर्सना अधिकार दिला की डॉक्टर पायरी चुकला तर त्याला थांबवायचं, आणि व्यवस्थापन नर्सच्या पाठीशी राहील. लागणारं सगळं सामान एकाच ढकलगाडीत ठेवलं, म्हणजे 'मिळालं नाही' ही सबब उरली नाही. रोज सकाळी विचारायचं ठरलं की या रुग्णाला नळी अजून हवी आहे का?

मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी हीच रीत घेतली. निकाल २००६ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. तो समजायला एक हिशोब लागेल. रोजगार हमीवर आपण मजुरीचे दिवस मोजतो, दहा बायका दहा दिवस म्हणजे शंभर दिवस. तसेच इथे 'नळीचे दिवस' मोजतात. मिशिगनमध्ये नळीच्या हजार दिवसांमागे सरासरी ७.७ जणांना रक्तात जंतुसंसर्ग होत होता. दीड वर्षात तो १.४ वर आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक कागद, साबण, चादर आणि नर्सचा 'थांबा'.

ही गोष्ट जगभर पोहोचवली ती डॉ. अतुल गावंडे यांनी, आपल्या लेखांतून आणि पुस्तकातून. ते अमेरिकेत जन्मले आणि तिथेच शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर झाले. त्यांचे वडील मात्र आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे.

आपल्या देशात काय स्थिती आहे? ५४ रुग्णालयांतल्या २०० आयसीयूंची २०१७ पासूनची सात वर्षांची नोंद २०२५ साली प्रसिद्ध झाली. नळीच्या हजार दिवसांमागे रक्तातल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण साधारण ९ निघालं. मोजण्याची रीत तंतोतंत सारखी नसेल, पण मिशिगनने जिथून चालायला सुरुवात केली, साधारण तिथेच आपण उभे आहोत. एका सिस्टरकडे खूप खाटा, त्यात औषधांना दाद न देणारे जंतू, अशी आपली अडचण आहे. तरी ही नोंद झाली हेच मोठं पाऊल आहे. मोजलंच नाही तर कमी काय करणार?

आता राखणीला आपण

मैत्रिणींनो, या इतिहासात नळी घालणाऱ्यांची नावं मोठी झाली. पण जीव राखले ते शेजारी उभ्या असलेल्यांनी, आणि त्यांचं ऐकलं गेलं तेव्हाच. आपल्या गावात नळी असलेल्या माणसाच्या शेजारी कोण असतं? सून, लेक, आई, बायको, आशाताई. म्हणजे आपणच. म्हणून काही गोष्टी गटात पक्क्या करून घेऊ.

डायलिसिसची नळी कोरडी ठेवायची. पट्टीवर पाणी पडेल अशी डोक्यावरून अंघोळ नको, अंग ओल्या कपड्याने पुसून घ्यावं. पट्टी ओली झाली, सुटली, तर केंद्राला कळवून बदलून घ्यावी. हळद, तेल, राख, अंगारा, काहीही तिथे लावायचं नाही. नळीची टोपणं घरी उघडायची नाहीत. गावातल्या दवाखान्यात त्याच नळीतून सलाईन किंवा इंजेक्शन द्यायला लागले तर 'ही फक्त डायलिसिसची आहे' असं सांगायचं. नळी केंद्रात उघडली जाते तेव्हा रुग्णाने मास्क लावावा, मान दुसरीकडे वळवावी. ती निसटून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

नळी असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरली तर तिथेच लगेच सांगावं. नळीच्या तोंडाशी लाली, पू, दुखणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवावं. रक्तातल्या जंतुसंसर्गात तास मोजायचे असतात, दिवस नाहीत. बाळ असेल तर ताप येईलच असं नाही. ते दूध ओढेनासं होतं, गार पडतं, मलूल होतं.

आणि फिस्टुलाचं विचारायचं. 'डॉक्टर, माझा फिस्टुला कधी होईल?' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात. ज्या हाताला तो करायचा, त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा, घट्ट बांगड्या आणि जड ओझं नको. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात आपल्याला काय मिळतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

सगळ्यात अवघड राहतं ते बोलणं. सिस्टरला, डॉक्टरला 'हात धुतलेत का?' असं विचारायची आपल्याला भीती वाटते. उद्या तिथेच जायचं असतं, कुणाला राग आला तर? आम्ही एक सुचवतो. तक्रारीच्या सुरात नको, विनंतीच्या सुरात बोलू. 'सिस्टर, हिला नळी आहे, जंतूची फार भीती वाटते. तेवढे हात धुऊन घेता का?' एकटीला जमत नसेल तर सोबत गटातली दुसरी कुणी जावी. चांगली सिस्टर रागावत नाही. तिलाही घाईच्या दिवशी कुणी आठवण करून दिलेली हवीच असते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात डायलिसिसची, केमोची किंवा आणखी कसली नळी असलेलं कोण आहे, ते आठवा. त्यांच्या घरात केंद्राचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे का, आणि रात्री ताप आला तर गाडी कुणाची मिळेल, एवढं दोन जणींनी जाऊन विचारून या. १०८ ची गाडी आहेच, तोही नंबर त्याच भिंतीवर लिहा.